रत्नागिरीत राहून परकी भाषा: जर्मन चालू ठेवू की जपानी घेऊ?

पावसची_पोर (१४ जून, रात्री ९:५२)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एस.वाय.बी.कॉम.ला आहे. कॉलेज रत्नागिरीत, घर पावसजवळ. मराठी माध्यम. आमच्या कॉलेजात परकी भाषा नाही. त्यामुळे पुण्याच्या एका क्लासचा ऑनलाइन जर्मन कोर्स एप्रिलमध्ये लावला, ए-वन लेव्हलचा, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचा. बाबांनी आंब्याच्या पैशातून फी भरली, म्हणून सोडायचीही लाज वाटते.

अडचणी दोन आहेत. पहिली म्हणजे नेटवर्क. संध्याकाळी सात ते साडेआठ क्लास. घरात रेंज नाही, मागच्या गडग्यावर चढलं की दोन कांड्या येतात. मे महिन्यापर्यंत चाललं. आता पाऊस. परवा एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईल, आणि मॅडम म्हणतायत, "व्हिडिओ ऑन करा." केला. मागे म्हैस दिसली म्हणे.

दुसरी अडचण खरी. क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून समजावतात. मी जर्मन वाक्य आधी इंग्रजीत नेते, तिथून मराठीत आणते, उत्तर मराठीत सुचतं, मग उलटा प्रवास. तोवर दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असतं. डोकं भंजाळतं नुसतं. मैत्रीण म्हणते जपानी घे, सोपी आहे, नोकऱ्याही आहेत. कुणी सांगेल का, काय करू?

---

खाजणातला_बगळा (१४ जून, रात्री १०:१०)

जपानी सोपी आहे असं सांगणारी मैत्रीण बदल. बाकी चालू दे.

म्हैस कुणाची होती?

---

सुरंगीचा_गजरा (१४ जून, रात्री ११:३५)

पोरी, गडग्यावरून खाली उतर आणि जरा निवांत वाच. मी मूळ गुहागरची. पुण्यात बावीस वर्षं जर्मन शिकवतेय. तुझा क्लास माझा नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

तुझी दुसरी अडचण दर वर्षी पाच-सहा मुलांची असते, आणि ती सगळी गावाकडची, मराठी माध्यमातली असतात. त्यांना वाटतं आपलं इंग्रजी कच्चं म्हणून जर्मन जमत नाही. मी सांगते, इंग्रजीला मधून बाजूला कर. जर्मन आणि मराठी यांची गाठ थेट घालून बघ, अर्धं व्याकरण तुला पाळण्यातच मिळालेलं आहे.

उदाहरणं देते. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग. डेअर लोफेल म्हणजे चमचा, डी गाबेल म्हणजे काटा, दास मेसर म्हणजे सुरी. इंग्रजी माध्यमाची मुलं पहिल्या दिवशी विचारतात, चमचा पुरुष का? तू हा प्रश्न जन्मात विचारणार नाहीस, कारण तुझ्या घरात चमचा तो, सुरी ती आणि ताट ते आहेच. लिंगं जुळणार नाहीत, ती पाठच करावी लागतात. पण निर्जीव वस्तूला तीन लिंगं असतात हे तुला कुणी पटवून द्यावं लागत नाही. मुलगी म्हणजे दास मेडशन, नपुंसकलिंगी. वर्गात यावर हशा होतो. आपण "ते पोरगं" म्हणतोच की.

आता आकडे. एकवीस म्हणजे आइन-उंट-त्स्वान्सिश, एक-आणि-वीस. इंग्रजीवाल्यांना हे उलटं वाटतं, फोन नंबर लिहिताना ती हमखास चुकतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "एकवीस"च्या जागी "वीस एक" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतो? मी तेव्हा म्हटलं, राहू दे बाबांनो एकवीस, माझ्या विद्यार्थ्यांची सोय आहे ती.

आणि माझं सगळ्यात लाडकं. पावसला जूनमध्ये तू काय म्हणतेस? "मला उकडतंय." जर्मन म्हणतो, "मीअ इस्ट हाइस." मीअ म्हणजे मला. इंग्रजीच्या वाटेने गेलीस तर "इश बिन हाइस" म्हणशील, आणि त्याचा अर्थ चारचौघात सांगण्यासारखा नाही. तसंच "ते मला आवडतं", "दास गेफेल्ट मीअ". आवडणारी वस्तू कर्ता, आणि आपण "मला". तुझ्या पुस्तकात याला डाटिव्ह म्हणून चार पानं खर्ची घातली असतील. तुझ्यासाठी एक शब्द पुरे: मला.

"कारण" म्हणजे वाइल. तो आला की क्रियापद उचलून वाक्याच्या शेवटी टाकायचं. "वाइल एस रेगनेट", कारण पाऊस पडतो. पडतो कुठे आहे? शेवटी. मराठीत तो शेवटीच असतो, त्याला उचलावं लागत नाही इतकंच. हे ए-वनला येत नाही, पुढे येईल. तेव्हा मला आठव.

एक काम कर. एक वही कर. डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी, इंग्रजीला वहीत मज्जाव. आणि मराठी कशी? पुस्तकी नको, तू आईशी बोलतेस ती.

---

रातराणी_एसटी (१५ जून, सकाळी ७:२०)

वर गजराताईंनी लिहिलंय त्याला +१. फक्त एक, मराठीत सगळं बसतं असं नाही. ओठांचा चंबू करून "ई" म्हणायचा तो जो स्वर आहे ना, दोन टिंबवाला यू, तो मला तीन वर्षांत जमला नाही. आरशासमोर उभा राहिलो की बायको विचारते, शिट्टी वाजवताय का?

---

तिमिरातुनी (१५ जून, सकाळी ९:०५)

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी मुंबईत अकरावी-बारावीला जर्मन घेतलं होतं, मराठीऐवजी. कारण एकच: मार्क. बारावीला १०० पैकी ९६ पडले. पुढच्या वर्षी एक जर्मन पाहुणा ऑफिसात भेटला, त्याला मी नाव सांगितलं आणि "पाणी हवं का" एवढं विचारू शकलो नाही. आमच्या वर्गात निम्मी पोरं अशीच होती. आणि त्या दोन वर्षांत मराठी सुटली ती सुटलीच, आज हा प्रतिसाद टंकतानासुद्धा ऱ्हस्व-दीर्घाची भीती वाटते.

आता तर मोबाईल कानात भाषांतर करून देतो. मग दोन-दोन वर्षं घालवायची कशाला? बी.कॉम. आहेस, अकाउंट्सचं एखादं सॉफ्टवेअर नीट शीक. रत्नागिरीत बसून काम मिळेल.

---

घाटीण_नव्हे (१५ जून, सकाळी ९:४०)

९६ मार्क आणि पाणी विचारता येईना, हे वाचून चहा सांडला. सही पकडलंय.

---

वेतोबाची_लेक (१५ जून, दुपारी ४:१५)

तिमिरातुनी, तुमच्यासाठीच लॉगिन केलं. मी वेंगुर्ले तालुक्यातली, नर्सिंग करून आता श्टुटगार्टच्या जवळ एका वृद्धाश्रमात नोकरीला आहे. इथे आत्ता दुपारचे पाऊण, शिफ्ट दोनला.

मोबाईल भाषांतर करतो, खरं आहे. दुकानात, बँकेत मीही वापरते. पण पहिल्या महिन्यातली एक रात्र सांगते. अडीचचा सुमार. ८९ वर्षांच्या आजी, बेल वाजवली. गेले. त्या म्हणाल्या, "टेपिश." मी बी-टू (ए-वनपासून चौथी पायरी) पास झालेली, टेपिश म्हणजे गालिचा हे मला पक्कं ठाऊक. खाली बघितलं, गालिचा जागेवर. सरळ केला. आजी परत, "टेपिश!" आता चिडून. मी गालिच्याची घडी घालून बाजूला ठेवली, म्हटलं पाय अडकत असेल. आजी रडायला लागल्या. शेवटी दुसऱ्या मजल्यावरची सीनियर आली, तिने कपाटातून पांघरूण काढून अंगावर घातलं, आजी गप्प झोपल्या. या भागातल्या श्वेबिश बोलीत टेपिश म्हणजे पांघरूण. मोबाईलला विचारलं असतं तर त्यानेही गालिचाच सांगितला असता.

त्या रात्री मला आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या. साताऱ्याहून बदलून आल्या होत्या, आमची मालवणी ऐकून पहिले सहा महिने त्यांचा चेहरा असाच असायचा. मग मी ठरवलं, पुस्तकातली जर्मन म्हणजे आपली प्रमाण मराठी, आणि आजींची म्हणजे घरची. काम करायला ही लोक "आर्बाइटन" म्हणत नाहीत, "शाफं" म्हणतात. घराला लाडाने "हॉइस्ले". एकदा हे "ले" कानात बसलं की मग गोड लागतं.

पोरी, तुला नोकरीचं विचारायचं होतं ना, म्हणून सांगते. २०२४ मध्ये आपल्या सरकारने याच राज्याशी, बाडेन-वुर्टेम्बर्गशी, कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे धंदे त्यात आहेत. बी.कॉम.वाल्यांना त्यात लगेच जागा मिळेल असं कुणी म्हणालं तर दोनदा विचार. आणि एजंटांपासून लांब. मला एकाने "तीन महिन्यांत बी-टू, हमखास" म्हणून पैसे घेतले होते. ए-वनपासून बी-टू व्हायला मला सव्वादोन वर्षं लागली, त्यातले ते तीन महिने जमेस धरलेले नाहीत.

---

तिमिरातुनी (१५ जून, संध्याकाळी ६:३०)

टेपिशवर माझ्याकडे उत्तर नाही. माघार.

---

दर्याकिनारी (१५ जून, रात्री ८:०२)

माका जर्मन येणा नाय, जपानी पण येणा नाय. पण वेतोबाच्या लेकीन लिवलला वाचून डोळ्यात पाणी इला. आजीक पांघरूण घातलंस ता बरा केलंस गो.

---

कंदील_आणि_कांजी (१५ जून, रात्री ९:२५)

जपानीची बाजू कुणीच मांडत नाहीये, म्हणून मी. चिपळूणला इंजिनिअरिंगची पोरं शिकवतो, स्वतः एन-थ्री. (जपानीच्या परीक्षेत एन-फाइव्ह सगळ्यात खालची पायरी, एन-वन सगळ्यात वरची. उलटी शिडी.)

गजराताईंनी मराठीची गोष्ट काढली ती जपानीला जास्तच लागू आहे, असं माझं प्रामाणिक मत. क्रियापद कायम शेवटी. "वाताशी वा गोहान ओ ताबेमासु", मी भात खातो. शब्द त्याच क्रमाने. नामाला मागून चिकटणारे वा, गा, ओ, नि, दे म्हणजे आपले विभक्तिप्रत्ययच समजा, पुढून लागणारी इंग्रजी अव्ययं नव्हेत. वाक्याच्या शेवटी "ने" लावतात: "ओइशी देसु ने", छान आहे ना. तो "ने" मी वर्गात शिकवतच नाही, पोरं दुसऱ्या दिवशी आपसूक लावतात.

मोजणी घ्या. जपानीत चपट्या वस्तूला एक शब्द, लांबट वस्तूला दुसरा, छोट्या जनावराला तिसरा. पोरं कुरकुरतात. मी विचारतो, बाजारात केळ्यांचा काय घेता? फणा. कोथिंबिरीची? जुडी. कोळणीकडे बोंबलांचा? वाटा. मग?

पण पावसची पोर, तू जर्मन सोडून इकडे ये असं मी म्हणणार नाही. कांजी लिपी म्हणजे रोजचं पाणी भरणं आहे, एक दिवस खंड पडला की घागर रिकामी. आणि जपानी परीक्षेत बोलणं नाही, लिहिणं नाही, फक्त पर्याय निवडायचे. त्यामुळे एन-फोर झालेला मुलगा मुलाखतीत तोंड उघडत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिमिरातुनींचे ९६ मार्क इकडेही मिळतात, घाबरू नका.

परीक्षेचंही एक कोकणी दुखणं आहे. वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार. जुलैत लावणी चालू, घाटात दरड. एका वर्षी आमची चार पोरं कुंभार्लीत सहा तास अडकली, पुण्याला पोचली तेव्हा पेपर संपला होता. तेव्हापासून मी जुलैचा फॉर्म भरूच देत नाही.

---

हर्णैचा_नाखवा (१६ जून, दुपारी १:१०)

अरबीचं कुणी बोलत नाही, आणि आमच्या पट्ट्यात तर घरटी एक माणूस आखातात. माझे वडील कुवेतला तीस वर्षं होते. मी लहानपणी मदरशात अरबी वाचायला शिकलो. वाचतो फर्डं, अर्थ शून्य. नंतर मुंबईला कॉलेजात असताना वर्षभर पुस्तकी अरबी केली. कुवेतला पहिल्यांदा गेलो, विमानतळावर मोठ्या ऐटीत "कैफ हालुक" म्हटलं. समोरचा हसला आणि म्हणाला, "शलोनक!" अर्थ तोच, कसा आहेस. पुस्तकात हा शब्दच नव्हता. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, मला विचारायचंस की, मी तीस वर्षं तेच बोलतोय.

वडिलांना अरबीत सही करता येत नाही. पण बाजारात घासाघीस ऐकावी तर त्यांची.

---

सुपारीची_वाडी (१६ जून, दुपारी ३:४४)

फ्रेंचसाठी एक अनुनासिक पुरावा. माझी पणजी चित्पावनी बोलायची, नाकातून स्वर काढायची. आम्ही पोरं नक्कल करून हसायचो. पुढे फ्रेंचच्या पहिल्या तासाला सर "पँ" (म्हणजे पाव) म्हणून घेत होते, अख्खा वर्ग "पॅन", "पेन" करतोय, आणि माझं पहिल्या फटक्यात बरोबर. पणजीची क्षमा मागितली मनातल्या मनात.

आणि आकडे! फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, ब्याण्णव म्हणजे चार-वीस-बारा. सगळे डोक्याला हात लावतात. आमच्याकडे नारळ मोजणारा गडी अजून "चार विसा नि बारा" असंच म्हणतो. त्याला पॅरिसला पाठवायला हवं.

अवांतर: विनोबा आपल्या गागोद्याचे, पेणजवळचे. वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी शाळेत फ्रेंच घेतलं होतं, आईला संस्कृत हवं होतं. घरोघरी हेच.

---

चौलचा_चिरा (१६ जून, रात्री १०:५०)

परकी भाषा शिकायला पुण्याला कशाला जाता, कोर्लईला या की. अलिबागहून खाली रेवदंडा, खाडी ओलांडली की कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वाडी आहे, तिथे घराघरात अजून पोर्तुगीजमधून निपजलेली बोली बोलतात. ते तिला "नॉ लिंग" म्हणतात, आपली बोली. बोलणारे साधारण हजार. चौल पोर्तुगीजांच्या हातून १७४० मध्ये गेलं, त्याला पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, तरी भाषा टिकली. गंमत म्हणजे मराठीच्या शेजारात राहून तिचं क्रियापद शेवटी सरकलं. पोर्तुगालात ते मध्ये असतं. भाषेला सुद्धा शेजार लागतो.

आणि तुमच्या माझ्या स्वयंपाकघरात काय कमी आहे? बटाटा, कोबी, पाव, काजू, अननस, साबण, बादली, घमेलं, चावी, लिलाव. सगळे पोर्तुगीज पाहुणे, कुणी परत गेलं नाही. हापूस तर अफोन्सोच. पावसच्या पोरीची फी ज्यातून भरली तो.

---

पावसची_पोर (१६ जून, रात्री ११:२०)

बापरे. मी दोन ओळींच्या उत्तराची वाट बघत होते. सगळ्यांना खूप धन्यवाद. वही केली. आज पहिलं पान: मीअ इस्ट हाइस, मला उकडतंय. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग पंखा लाव.

जर्मनच चालू ठेवते. आणि बगळाकाका, म्हैस शेजाऱ्यांची.

---

सुरंगीचा_गजरा (१७ जून, सकाळी ६:४५)

शाब्बास. नेटचं एक सांगायचं राहिलं. तुझ्या मॅडमना क्लासचं रेकॉर्डिंग मागून घे. कॉलेजात रेंज असेल तेव्हा उतरवून ठेव. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे धडेही फुकट आहेत, तेही तसेच. पावसाळ्यात गडग्यावर चढायचं नाही. वीज पडली तर जर्मन राहील बाजूला.

---

पावसची_पोर (१९ डिसेंबर, रात्री ८:३०)

धागा वर काढतेय, माफी. ए-वनची परीक्षा झाली, आज निकाल. १०० पैकी ७९. साठला पास असतं. वही साडेतीन झाली.

रातराणी बसने पुण्याला गेले, बाबा सोबत. ऐकण्याच्या पेपरात मधला भाग एकदाच ऐकवतात, घोषणा असतात, स्टेशनवरच्या वगैरे. एक पूर्ण सुटली. पण आपल्या रत्नागिरी स्टेशनवरची मराठी घोषणा तरी मला कुठे एका ऐकण्यात कळते, म्हणून मनाला लावून घेतलं नाही.

बोलण्याच्या परीक्षेचं सांगायलाच हवं. चिठ्ठ्या उचलून एकमेकांना प्रश्न विचारायचे असतात. विषय, खाणं-पिणं. पुण्याची एक मुलगी माझ्यासमोर, तिच्या चिठ्ठीवर मासे. तिने विचारलं, तुम्हाला मासे आवडतात का? मी सुसाट, "या, आबर निश्त आम मोंटाग." हो, पण सोमवारी नाही. परीक्षक बाई जर्मन होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "वारूम?" का?

आता काय सांगू? वाइल मला ऐकून माहीत होता, गजराताईंनी इथेच लिहिला होता. पण त्याच्या पुढे काय जोडायचं? उपास नाही येत, वार पाळणं नाही येत, महादेव कसा सांगणार. बाई वाट बघतायत. मी छताकडे बोट केलं आणि म्हटलं, "मोंटाग... गॉट."

सोमवार... देव.

बाई इतक्या हसल्या की पुण्याची मुलगीपण हसायला लागली. मार्क कापले की नाही माहीत नाही. बाहेर आल्यावर बाबांना सांगितलं, ते म्हणाले, बरोबरच आहे की, अजून काय सांगायचं असतं?

जानेवारीपासून ए-टू लावतेय. त्यात वाइल आहे, मी अनुक्रमणिका बघून घेतली.

---

सुरंगीचा_गजरा (१९ डिसेंबर, रात्री ८:४१)

मोंटाग, गॉट! उद्या वर्गात सांगणार. तुझ्या परवानगीने.

---

वेतोबाची_लेक (१९ डिसेंबर, रात्री ९:१५)

अभिनंदन गो. इथल्या आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे शुक्रवारी मांस खात नाहीत, तुमच्यात सोमवार का? मी पण अडकले.

---

खाजणातला_बगळा (१९ डिसेंबर, रात्री ९:२२)

अभिनंदन. परीक्षा कुठल्या वारी होती?

---

पावसची_पोर (१९ डिसेंबर, रात्री ९:२४)

सोमवारी. बाबांनी बुधवारी सुरमई आणली.